मदत हवी आहे: रोमानियातून दत्तक घेतलेली कुत्री सोफ्यामागून बाहेरच येत नाही

थेंबथेंब
नमस्कार. आम्ही रोमानियातल्या एका निवाऱ्यातून कुत्री दत्तक घेतली असून तिला घरी येऊन आज नऊ दिवस झाले आहेत. आल्यापासून ती सोफा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसून आहे. आम्ही खोलीत असताना खाण्याला तोंड लावत नाही. रात्री आम्ही वर झोपायला गेलो की वाटी रिकामी होते आणि सकाळी स्वयंपाकघरात शी-शू सापडते. माझे पती जवळ गेले तर थरथर कापते. संस्थेला फोन केला की धीर धरा, एवढेच उत्तर मिळते. सोमवारपासून आम्हा दोघांनाही ऑफिसला जायचे आहे, त्यामुळे कृपया नेमके काय करायचे ते लवकर सांगावे.

बांधावरची
आपण कोणत्या देशात राहता? कुत्रीचे वय काय, ती रस्त्यावर वाढली की निवाऱ्यातच जन्मली, घरात आणखी कोण आहे, आणि तिच्या रक्ताच्या कोणकोणत्या तपासण्या झाल्या आहेत? हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला चुकीचा ठरू शकतो.

सोनकेवडा
माझ्या अनुभवाने यावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे क्रेट (कुत्र्यासाठीचा दार असलेला पिंजरा). मोठा क्रेट आणून वर जाड चादर घाला, आत तिचे अंथरूण ठेवा आणि आठ दिवस तिला त्यातच राहू द्या. आमचा लॅब्राडोर दोन महिन्यांचा असताना आम्ही हेच केले होते आणि आजही तो स्वतःहून क्रेटमध्येच झोपायला जातो.

रानवाट
सोनकेवडा, आपल्या घरी जन्मापासून माणसांच्या हातात वाढलेले पिल्लू आले होते. ही कुत्री बहुधा अनेक महिने सिमेंटच्या पिंजऱ्यात राहून, मग व्हॅनमधल्या पिंजऱ्यातून दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आली आहे. तिच्यामागे पुन्हा दार बंद केले तर ती गजांना चावून दात मोडून घेईल. दार उघडे राहणार असेल तरच क्रेट ठेवावा.

सोनकेवडा
दार बंद करा असे मी म्हटलेले नाही.

रानवाट
"आठ दिवस तिला त्यातच राहू द्या" या वाक्याचा दुसरा अर्थ मला लागला नाही.

उत्तरायण
आम्ही पुण्याहून आमची गावठी कुत्री जर्मनीला आणली, त्याची माहिती येथे देतो. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी (प्रमाण किमान ०.५ आययू प्रति मिलिलिटर हवे), आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबून मगच प्रवास. हा क्रम चुकला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आपल्याकडचे कुत्रे इतके हुशार आणि काटक असताना लोक रोमानियाकडे का वळतात, हे मला समजत नाही.

थेंबथेंब
उत्तरायण, माहितीबद्दल आभार, पण आमची कुत्री येऊन पोहोचली आहे. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. चिंगी तीन वर्षांची, १६ किलोची आहे. रस्त्यावर पकडली होती आणि दीड वर्ष निवाऱ्यात होती. घरी आम्ही दोघे आणि सासूबाई. ती आल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे गणपती बसले. पाच दिवस दोन्ही वेळ आरती होती आणि एका संध्याकाळी तीस-पस्तीस जण जेवायला होते, पण तिला कोणीही त्रास दिला नाही. नुकतेच विसर्जन झाले. परवा पतींनी तिला पट्टा लावून बागेत नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मागे सरकून तिने मान पट्ट्यातून काढून घेतली आणि पुन्हा सोफ्यामागे गेली. "सर्व तपासण्या झाल्या आहेत" असे संस्थेने सांगितले आहे.

बांधावरची
गणपतीची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात यायला हवी होती. आपण आणि आपल्या पाहुण्यांनी काहीही चुकीचे केलेले नाही. परंतु जिने छताखालचे घर कधी पाहिले नाही, तिच्यासाठी टाळ, झांजा, घंटा आणि तीस अनोळखी माणसांचे पाय हे सगळे तिसऱ्या दिवसापासूनच सुरू झाले. म्हणून नऊ दिवस मोजू नका. आजचा दिवस पहिला धरा.

सोफा हलवू नका, तिच्याकडे वाकून पाहू नका, हात पुढे करू नका. दिवसातून दोन-तीनदा आपल्यापैकी एकाने त्याच खोलीत तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसावे, हळू आवाजात काहीतरी वाचावे आणि उठताना उकडलेल्या कोंबडीचे दोन तुकडे मागे ठेवून निघून जावे. हे पतींनी अधिक करावे, कारण तिला भीती त्यांचीच आहे. शी-शूसाठी सध्या बागेचा आग्रह सोडा आणि स्वयंपाकघरात ती जिथे जाते तिथेच एका ट्रेमध्ये खऱ्या गवताचा तुकडा ठेवा. ती त्यावर जाऊ लागली की तो ट्रे रोज थोडा थोडा मागच्या दाराकडे सरकवता येतो. सोमवारी दोघांनी एकदम घर सोडू नये. एकाने तरी आठवडाभर घरून काम मागून घ्यावे.

पट्ट्यातून मान निघाली ती घरात निघाली, हे नशीब समजा. बाहेर निघाली असती तर ती सापडणे फार अवघड होते. भेदरलेला कुत्रा मालकाच्या हाकेलाही पळतो. मागच्या बरगड्यांच्याही मागे तिसरा पट्टा असलेला हार्नेस (छाती-पोटाभोवती बांधायचे पट्टे) आणि मान मागे खेचली की आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, दोन्हींना वेगळी दोरी लावा. बागेचे कुंपण किती उंच आहे?

थेंबथेंब
साधारण चार फूट.

बांधावरची
मग कुंपण सहा फुटांचे होईपर्यंत बागेतही दोरीशिवाय सोडू नका. चिपची नोंद ब्रिटनमधल्या डेटाबेसमध्ये आपल्या नावावर झाली आहे का, हेही आजच पाहा. बाहेरून आणलेल्या कुत्र्यासाठी ३० दिवसांची मुदत असते.

नदीपल्याड
मला तपासणीविषयी विचारायचे आहे. त्यात ब्रुसेला कॅनिसची तपासणी होती का? २०२० नंतर ब्रिटनमध्ये या जंतूची जी प्रकरणे सापडली त्यांतले बहुतेक कुत्रे रोमानियातून आलेले होते. संसर्ग मुख्यतः जननेंद्रियांच्या स्रावांतून आणि लघवीतूनही पसरतो, माणसाला क्वचित होतो. पण घरात कोणी गर्भवती असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर तो विषय हलका राहत नाही.

रानवाट
कुत्री अजून माणसाजवळ येत नाही आणि आपण धागाकर्तीला रोगाची भीती घालत आहात. निकाल पॉझिटिव्ह आला तर खात्रीचा उपचार नसल्याने अनेक व्हेट (जनावरांचे डॉक्टर) कुत्र्याला मारण्याचा सल्ला देतात. जिथे पकडलेल्या कुत्र्याला कामकाजाच्या १४ दिवसांत कोणी नेले नाही तर मारण्याची मुभा २०१३ च्या कायद्याने दिली, तिथून ही कुत्री वाचून आली आहे. लक्षणे नसताना तपासणी कशाला?

नदीपल्याड
लक्षणे नसलेला कुत्राही संसर्ग पसरवू शकतो, म्हणूनच. निर्णय काय घ्यायचा हा पुढचा प्रश्न आहे आणि तो त्या घरानेच सोडवावा. परंतु जे रोज स्वयंपाकघरातली लघवी हाताने पुसत आहेत त्यांना माहीत असणे हा त्यांचा हक्क आहे. प्रतिपिंडे दिसायला कधी तीन महिनेही लागतात, त्यामुळे निघण्यापूर्वीचा एक निगेटिव्ह निकाल पुरेसा मानू नये आणि येथे आल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

थेंबथेंब
हे वाचून मी चिंगीच्या पासपोर्टसोबतचे कागद काढले. त्यात रेबीजची लस, फीतकृमीचे औषध आणि हार्टवर्मची (हृदयातल्या जंतांची) तपासणी आहे. ब्रुसेलाचा उल्लेख कुठेच नाही. सासूबाई संधिवातासाठी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेतात. हे मी आधी लिहिले नाही, कारण त्याचा संबंध असेल असे मला वाटलेच नव्हते. आजपासून त्यांना साफसफाईपासून दूर ठेवले आहे आणि आम्ही हातमोजे घालत आहोत. बुधवारची व्हेटची वेळ मिळाली आहे. पण जिला हात लावता येत नाही तिला गाडीत कसे न्यायचे?

नदीपल्याड
सासूबाईंच्या डॉक्टरांनाही आजच कळवा. आणि व्हेटला फोनवर आधीच सांगा की कुत्री रोमानियाची आहे आणि तपासणी झालेली नाही, म्हणजे रक्त घेताना ते स्वतःची काळजी घेतील.

बांधावरची
बुधवारची वेळ तशीच ठेवा, पण तिला ओढून नेऊ नका. व्हेट घरी येऊ शकतात का ते विचारा; ते शक्य नसेल तर भीती कमी करणारी गोळी आधी घरी देता येईल का, हे विचारा. हार्नेसही घाईने घालू नका. तो सोफ्याजवळ जमिनीवर ठेवा आणि त्याच्या पट्ट्यांवर कोंबडीचे तुकडे ठेवत जा.

थेंबथेंब
हार्नेस उद्या येईल. काल रात्री पावणेदोनला मी पाण्यासाठी खाली आले, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. मी जिन्यावरच बसून राहिले आणि तिने माझ्यासमोर पाणी पिऊन घेतले.