शब्दचर्चा : ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणजे नेमकं काय? आणि क्षमता, संपादणूक, मानक?

माणदेशी मास्तर (जि. प. शाळा, माण तालुका)

मंडळी, आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत उठलेला एक प्रश्न इथं टाकतो. अभ्यासक्रमाचा नवा आराखडा आल्यापासून प्रशिक्षणात सुलभक (प्रशिक्षण देणारे) एका दमात ‘ध्येये, क्षमता, अध्ययन निष्पत्ती’ म्हणून जातात. यावेळी मागून एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, “सर, क्षमता आणि निष्पत्ती यात फरक काय? नव्वदच्या दशकात आम्ही क्षमता भरल्या, आता निष्पत्ती भरतोय. रकाना तोच आहे.” हशा पिकला, चहा आला आणि उत्तर राहून गेलं.

माझ्याकडं सहावी ते आठवीचं विज्ञान आहे. टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, रोज निष्पत्तीचा क्रमांक टाकतो. पण हा शब्द आला कुठून, तो क्षमतेपेक्षा वेगळा कसा, ‘संपादणूक’ ही आणखी तिसरीच भानगड काय, आणि इंग्रजीत ज्याला स्टँडर्ड म्हणतात त्याला ‘मानक’ म्हणायचं की आणखी काही? जाणकारांनी सांगावं. शासन निर्णयातली व्याख्या चिकटवू नका, ती माझ्याकडं आहे.

शब्दवेडी (वाई)

मास्तर, शब्दापुरतं मी सांगते, शाळेचं तुम्ही बघा.

निष्पत्ती हा ‘निष्पन्न’चा सख्खा भाऊ. निष्पन्न आपण रोज वाचतो : ‘तपासात निष्पन्न झाले’, ‘बैठकीतून काहीच निष्पन्न झालं नाही’. मूळ धातू पद्, उत्पत्ती, संपत्ती, विपत्तीमधला. मराठी घेऊन एम.ए. केलेल्यांना हा शब्द रसनिष्पत्तीमुळं पाठ असतो. नाट्यशास्त्रकार भरताचं सूत्र आहे, विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. हठयोगातही आरंभ, घट, परिचय आणि निष्पत्ती अशा चार अवस्था आहेत, त्यातली ही शेवटची. म्हणजे सामग्री जमली, तिच्यावर काही क्रिया घडली आणि त्यातून काहीतरी सिद्ध होऊन बाहेर आलं, असा एकूण अर्थ. भरताच्या सूत्रातला ‘संयोगात्’ विसरू नका. संयोग नसेल तर निष्पत्तीही नाही. प्रयोगाचं साहित्य कपाटात कुलपात ठेवून निष्पत्तीचा क्रमांक टाकणाऱ्यांनी हे सूत्र भिंतीवर लावायला हरकत नाही.

हिंदीत यालाच ‘सीखने के प्रतिफल’ म्हणतात. मराठी कानाला प्रतिफळ म्हणजे मोबदला वाटतो. आपल्याकडच्या समितीनं निष्पत्ती निवडली ते बरं केलं, असं माझं मत.

‘अध्ययन’ही जपून वाचा. अध्ययन शिकणाऱ्याचं आणि अध्यापन शिकवणाऱ्याचं. ‘पाठ पूर्ण झाला’ हे अध्यापनाचं वाक्य आहे, त्याला अध्ययन निष्पत्ती म्हणता येत नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख (वाळवा)

बाईंचा टोमणा अगदीच खोटा नाही, पण अर्धा आहे. आमच्या हयातीत गेलेले शब्द क्रमानं सांगतो.

दवे समितीचा अहवाल १९९१ चा. त्यातून ‘किमान अध्ययन क्षमता’ आल्या. प्रत्येक क्षमतेला क्रमांक होता आणि आम्ही तक्ते रंगवले. २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, सोबत ‘आकारिक’ (शिकणं चालू असताना केलेलं) आणि ‘संकलित’ (सत्राच्या शेवटी केलेलं) हे शब्द आले. (आकारिक म्हणजे काय हे निम्म्या पालकांना अजून कळलेलं नाही, तो धागा वेगळा काढा.) २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आणि ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार. तेव्हा आपल्या साताऱ्यातलं कुमठे बीट (काही केंद्रांचा मिळून गट) बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या. फरशीवर आखलेल्या आकृत्या बघून लोक परत जायचे आणि आपल्या शाळेची फरशी रंगवायचे. पोरं त्या फरशीवर बसून एकमेकांना काय विचारतात, हे ऐकायला थांबणारे थोडे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली आणि इयत्तानिहाय, विषयनिहाय अध्ययन निष्पत्ती नियमांत आल्या. नंतर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा. त्यात वरून खाली अशी उतरण आहे : अभ्यासक्रमाची ध्येये, त्याखाली क्षमता, त्याखाली निष्पत्ती. ध्येय आणि क्षमता एका स्तरासाठी, म्हणजे सहावी ते आठवी या सलग तीन वर्षांसाठी आहेत. निष्पत्ती म्हणजे तिकडं जाताना वाटेत ठिकठिकाणी दिसावं असं काही.

फरक असा धरा. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. ती पावसाळ्यात तेवढीच आणि मे महिन्यातही तेवढीच. आज दारातून किती पाणी सुटलं हा आकडा वेगळा, आणि तो रोज मोजावा लागतो. पोराच्या अंगात काय मुरलंय ती क्षमता; आज त्यानं तुमच्यासमोर काय करून दाखवलं ती निष्पत्ती. क्षमता डोळ्यांना दिसत नाही, निष्पत्तीवरून तिचा अंदाज करायचा. नव्वदच्या दशकात आम्ही त्या अंदाजालाच मोजमाप समजून तक्ते भरले.

मिसळप्रेमी (कराड)

काय ओ सर, धरणाचं उदाहरण झ्याक. पण ते ‘संपादणूक’ राहिलं की.

शब्दवेडी

संपादणूक म्हणजे मिळवणं, हस्तगत करणं. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ ला झालं, डिसेंबर २०२४ ला तेच ‘परख’ या नावानं तिसरी, सहावी आणि नववीला झालं. तिथं एका पोरापेक्षा जिल्ह्याचं चित्र काढायचं असतं. तेव्हा निष्पत्ती मुलाची आणि संपादणूक पातळी गटाची, असा वापर ठेवला तर गोंधळ होत नाही.

गंमत म्हणजे जुन्या मराठीत ‘सोंग संपादणे’ असाही प्रयोग आहे, घेतलेली भूमिका नीट वठवणं या अर्थी. सर्वेक्षणाच्या आदल्या आठवड्यात काही शाळांत जो सराव चालतो, त्याला हा जुना अर्थच जास्त लागू पडतो.

हळदपेठ (सांगली, उच्च प्राथमिक)

मी वर्गातलं सांगते, कारण शब्दाची परीक्षा तिथंच होते.

विज्ञानाच्या निष्पत्ती नीट वाचल्या तर त्या क्रियापदांवर उभ्या आहेत : ओळखतात, फरक सांगतात, वर्गीकरण करतात, कारणांशी संबंध जोडतात, साधा शोध घेऊन उत्तर काढतात, प्रतिकृती तयार करतात. सहावीच्या यादीत सूचिछिद्र कॅमेरा, परिदर्शी, विजेरी बनवणं आहे. जनावरांच्या चाऱ्यात कोणती पोषकद्रव्यं असतात याचा शोध घेणंही आहे. कडबा, उसाचं वाढं, मुरघास यातलं काय बरं, यावर आमच्याकडची पोरं मास्तरांना शिकवतील. नाम दुय्यम आहे. पण टाचणात उतरताना क्रियापद गळतं आणि नाम उरतं : ‘निष्पत्ती : आम्ल व आम्लारी’. ही निष्पत्ती कसली, हे तर धड्याचं नाव.

सातवीला आम्ल-आम्लारी घेतलं तेव्हाचं बघा. (आम्लारी म्हणजे आम्लाचा अरी, शत्रू. हा शब्द मुलांना एकदा फोडून दाखवा, जन्मात विसरत नाहीत.) लिटमस संपला होता. हळदीला आमच्या गावात काय तोटा! चित्रकलेच्या कागदावर हळदीचा लेप दिला, वाळवला, पट्ट्या कापल्या. लिंबू, चिंचेचं पाणी, ताक, मिठाचं पाणी, साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी. साबण, सोडा आणि निवळीवर पट्टी तांबडी झाली. एक मुलगी लगेच म्हणाली, “शर्टावरचा हळदीचा डाग आई साबणानं धुते तेव्हा असाच लाल होतो.” तिनं घरचा अनुभव कारणाशी जोडला. यादीतलं एक क्रियापद तिथल्या तिथं हाती लागलं, आणि मी ते शिकवलेलंही नव्हतं.

खरी पंचाईत पुढं झाली. एका मुलानं दोनच गट केले. तांबडं करणारे आणि न करणारे. लिंबू आणि मीठ एकाच ढिगात. उत्तरसूचीप्रमाणं चूक, कारण लिंबू आम्ल आणि मिठाचं पाणी उदासीन. पण त्याच्या हातात दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखून देणारा पदार्थ, कोणता होता? हळद. हळद आम्लातही पिवळी आणि उदासीनातही पिवळी. जे दिसलं त्यावरून त्यानं केलेलं वर्गीकरण शंभर टक्के बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून अर्क आणला. लिंबानं तो गडद गुलाबी झाला, सोड्यानं हिरवा, मिठानं काहीच नाही. त्यानं स्वतः ढीग मोडला आणि तीन केले. “काल हळदीला हे कळतच नव्हतं” हे त्याचं वाक्य मी नोंदवहीत तसंच्या तसं उतरवलं.

आता सांगा, निष्पत्ती पहिल्या दिवशी झाली की दुसऱ्या? माझं म्हणणं, दोन्ही दिवशी. चाचणीत ‘दर्शक म्हणजे काय?’ विचारलं असतं तर दोन्ही दिवशी झाली नसती, त्या पोराला व्याख्या येत नाही.

वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ मोबाइलवर फिरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘प्रयोगात रस घेतो’ ही नोंद तालुक्यातल्या निम्म्या पोरांच्या नावावर असेल. एका तपासणीत तर माझ्या त्या तिरक्या नोंदीवर शेरा आला, ‘नमुन्याप्रमाणे लिहावे.’

माणदेशी मास्तर

मॅडम, ही हळद-जास्वंदीची जोडी चोरणार. आमच्याकडं दुष्काळातही जास्वंद शाळेच्या हातपंपाजवळ तग धरून आहे.

परदेशी पाव्हणा (मूळ मिरजेचा)

मानकाबद्दल थोडं. अमेरिकेत विज्ञानाची नवी मानकं एप्रिल २०१३ ला आली. ती केंद्राच्या हुकमानं लागू झाली नाहीत, ज्या राज्याला पटली त्यानं घेतली. कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी घेतली. तिथं प्रत्येक अपेक्षेत तीन पदर असतात : विज्ञान करण्याच्या पद्धती, विषयाचा गाभा, आणि सगळ्या शाखांना छेदून जाणाऱ्या संकल्पना. हळदपेठ मॅडम म्हणतात तो क्रियापदाचा मुद्दा तिथंही मध्यवर्ती आहे. पाचवीची एक अपेक्षा अशी : पदार्थ डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांचे बनलेले असतात, हे दाखवणारं प्रारूप मुलानं तयार करावं. आणि खाली वेगळ्या ओळीत मूल्यमापनाची हद्द दिली आहे : बाष्पीभवनात अणूंच्या पातळीवर काय घडतं ते विचारायचं नाही, त्या कणांची व्याख्याही विचारायची नाही.

ही ‘एवढंच, याच्यापुढं नको’ सांगणारी ओळ मला फार आवडली. तिला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी

पाव्हणं, तो शब्द तुमच्या दाखल्यावर छापलेला आहे. इयत्ता!

संस्कृतात इयत् म्हणजे ‘इतकं’, इयत्ता म्हणजे ‘इतकेपणा’ : माप, मर्यादा. ‘त्याची बौद्धिक इयत्ता’ म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ अजून डोकावतो. पुढं शाळेत इयत्ता म्हणजे नुसता वर्गाचा आकडा झाला. इंग्रजी स्टँडर्डचंही तसंच, मापही तोच आणि ‘सातवी स्टँडर्ड’ही तोच. तेव्हा त्या ओळीला ‘मूल्यमापनाची इयत्ता’ म्हटलं तर व्युत्पत्तीनं चपखल आहे. व्यवहारात मात्र लोक ‘कितवी?’ विचारतील, म्हणून ‘मूल्यमापनाची मर्यादा’ घ्या. सोपं आहे, कळतं.

मानक हा शब्द मला वस्तूंच्या बाजूचा वाटतो. भारतीय मानक ब्युरोचा शिक्का, सिमेंट, गॅसची शेगडी. ‘शैक्षणिक मानके’ चालतं, राज्यांच्या आणि मंडळांच्या पातळीवर. ‘हे पोर मानकात बसत नाही’ असं मात्र कुणी म्हणू नये.

निवृत्त केंद्रप्रमुख

सहमत. आणि हद्दीची ती ओळ आपल्या याद्यांतही हवी होती. काय करावं ते लिहिलंय, कुठं थांबावं ते नाही. मग सहावीला आठवीचं विचारणारे स्वाध्याय निघतात आणि पालकांना वाटतं शाळा लई पुढं गेली.

माणदेशी मास्तर

शेवटचा व्यावहारिक प्रश्न. आमच्या नोंदवहीत रकान्याचं शीर्षक आहे ‘निष्पत्ती साध्य : होय / नाही’. हे भाषेच्या दृष्टीनं बरोबर आहे का? आणि पालकसभेत फळ्यावर काय लिहू? माझे निम्मे पालक ऊसतोडीला जाऊन आलेले आहेत.

शब्दवेडी

साध्य होतं ते ध्येय किंवा उद्दिष्ट. क्षमता येते, वाढते. निष्पत्ती होते किंवा दिसते. ‘निष्पत्ती साध्य’ ही द्विरुक्ती झाली, कारण सिद्ध होणं निष्पत्तीच्या पोटातच आहे. ‘निष्पत्ती दिसली का? कशावरून?’ असं शीर्षक करा. आणि ‘कशावरून’ला रकाना मोठा ठेवा, नाहीतर पुन्हा होय-होय-होय.

हळदपेठ

पालकसभेत मी ‘निष्पत्ती’ लिहीतच नाही. फळ्यावर ‘पोराला काय काय करता येतं’ असं लिहिते आणि पट्ट्या, वाट्या मांडून ठेवते. मागच्या वेळी एका आजींनी तंबाखूच्या डबीतला चुना काढून दिला, आमची निवळी संपली होती.

मिसळप्रेमी

आजींची निष्पत्ती होय की नाय?