मदत हवी आहे: बालीत पर्यावरणाला जपणारं हॉटेल कसं ओळखायचं?

नमस्कार भाऊ-ताई, आम्ही दोघं नवराबायको जानेवारीत कापूस निघाला की बालीले जाऊन राहिलो, पहिलाच परदेश प्रवास हाय. हॉटेल पाहायले बसलो तर ज्याच्यात्याच्या नावापुढे इको नाही तर ग्रीन लिहिलेलं, अन् फोटोत प्रत्येक खोलीमागं निळा स्विमिंग पूल. आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात विहिरीत बादली सोडली की तळाचा गाळच येते, म्हणून तो पूल पाहून मले चैनच पडत नाही. तिथे भातशेतीले पाटाचं पाणी वाटून घ्यायची सुबक नावाची जुनी पद्धत हाय, २०१२ ले युनेस्कोच्या वारसा यादीत आली, अन् हॉटेलं जमिनीखालचं पाणी ओढतात म्हणून तिथले शेतकरीही अडचणीत हायत. त्यांच्या वाट्याचं पाणी आपल्या पोहण्यासाठी नको.

एका हॉटेलले मेल करून विचारलं, पाणी कुठून घेता, सांडपाणी कुठे जाते, तर उत्तर आलं की टॉवेल रोज बदलत नाही. बस एवढंच!

'ग्रीन की' (Green Key) नावाचं हॉटेलांसाठीचं प्रमाणपत्र १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं, त्यात बाहेरचा माणूस येऊन तपासणी करते, तसंच जीएसटीसीने (पर्यावरण जपणाऱ्या पर्यटनाचे जागतिक निकष ठरवणारी संस्था) मान्यता दिलेल्या संस्थांच्या प्रमाणपत्राचंही असते, म्हणून त्यावर भरवसा ठेवावा वाटते. पण गावातल्या कुटुंबानं चालवलेल्या चार खोल्यांच्या होमस्टेले असा कागद कुठून परवडणार? कोणी बालीतल्या उबुदकडे अशा घरी राहिलं असेल तर सांगा ना, पाण्याची बाटली परत भरून देतात का, अन् बुकिंगआधी नेमकं काय विचारावं?