हेगेलवर पीएच.डी. करायची आहे: राज्यशास्त्र विभाग की तत्त्वज्ञान?

उंबरठ्यावर:
नमस्कार मंडळी. राज्यशास्त्रात एम.ए. झालंय, लघुप्रबंध जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या ‘नागरी समाज’ या कल्पनेवर होता. आता जर्मनीत पीएच.डी. करायचा विचार आहे. अर्ज राज्यशास्त्र विभागात करू की तत्त्वज्ञान? जर्मन बी-१ पर्यंत झालंय, हेगेल मात्र सगळा इंग्रजीतच वाचलाय. तेवढ्यावर निभेल का? आणि शेवटी नोकरी लागते का हो? घरचे विचारतात तेव्हा मी विषय बदलतो.

मागचा_बाक:
समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१७ साली म्युनिकच्या भाषणात सांगून ठेवलंय की विद्यापीठातली कारकीर्द म्हणजे जुगार. आता जुगाराचे फॉर्म ऑनलाइन भरतात, एवढाच फरक.

तळटीप:
वेबरचं खरं आहे, पण या मुलाला अर्ज करायचाय. मी जर्मनीत याच विषयावर पीएच.डी. केली, मग पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधन, आणि सध्या राज्यशास्त्र विभागात राजकीय सिद्धान्त शिकवते. मुदतीच्या करारावर, हे आधीच सांगून टाकते.

भाषेपासून सुरुवात करते, कारण माझं घोडं तिथेच पेंड खात होतं. पहिल्या वर्षी कोलोक्विअममध्ये, म्हणजे संशोधकांच्या चर्चासत्रात, मी एक प्रकरण वाचलं. त्यात मोठ्या झोकात उद्धृत केलं होतं की हेगेल लिहितो, राज्यसंस्था म्हणजे ईश्वराची जगातली वाटचाल, ‘अधिकाराचं तत्त्वज्ञान’ (Philosophie des Rechts), परिच्छेद २५८. वाचून झाल्यावर गाइडबाईंनी एवढंच विचारलं, “हे कोणी लिहिलंय?” मी म्हटलं, हेगेलने. त्यांनी जर्मन प्रत माझ्यासमोर सरकवली आणि पानावर बोट ठेवलं.

त्या पुस्तकात तीन थर आहेत. क्रमांक घातलेला परिच्छेद हेगेलचा. त्याखालची टिप्पणीही त्याचीच. पण तिसरा थर, ज्याला ‘त्सूझात्स’ म्हणजे पुरवणी म्हणतात, तो हेगेल गेल्यानंतर १८३३ च्या आवृत्तीत एडुआर्ड गान्सने घातला, होथो आणि ग्रीसहाइम या विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या वह्यांवरून. माझं झोकदार वाक्य तिसऱ्या थरातलं! हेगेल वर्गात बोलला, विद्यार्थ्याने उतरवून घेतलं, गान्सने निवडून जोडलं, आणि मी ‘हेगेल लिहितो’ म्हणून मोकळी. शिवाय नॉक्सच्या १९४२ च्या इंग्रजी अनुवादात राज्य हीच ती वाटचाल असा अर्थ निघतो. जर्मनमध्ये ‘राज्य आहे’ ही गोष्ट वाटचाल आहे. बारीक फरक वाटेल, पण माझ्या प्रकरणातली निम्मी पानं त्या फरकावर उभी होती. पडली.

तुमचाच विषय घ्या. ‘नागरी समाज’च्या मूळ जर्मन शब्दातला ‘ब्युर्गर’ म्हणजे नागरिकही आणि शहरातला मालमत्तावाला माणूसही. ‘नागरी समाज’ म्हटलं की दुसरा अर्थ गळतो, आणि हेगेलला त्या प्रकरणात बाजार, गिल्ड, गरिबी या सगळ्याबद्दल बोलायचंय. बी-१ वर भाडेकरार कळतो, हे नाही कळत. दोन वर्षं रोज एक पान, कोश उघडा ठेवून. दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

आता विभाग. राज्यशास्त्रवाले विचारतात, “याचा आजच्या राजकारणाशी काय संबंध?” तत्त्वज्ञानवाले विचारतात, “हेगेलचा तर्कशास्त्राचा ग्रंथ वाचलात का?” दोन्हीकडे आपण पाहुणेच. मी राज्यशास्त्र निवडलं, कारण जागांच्या जाहिराती ‘राजकीय सिद्धान्त आणि विचारांचा इतिहास’ अशा नावाने निघतात आणि त्या विभागातली पदवी तिथे उपयोगी पडते. पण खरं सांगू, विभागापेक्षा गाइड बघा.

नोकरीचं जरा सविस्तर. पीएच.डी.नंतर तिथे पूर्वापार दुसरा प्रबंध लिहावा लागतो, हाबिलिटाट्सिओन. त्यानंतर ‘प्रिवाटडोझेंट’ होता येतं: शिकवायचा अधिकार मिळतो, पगार मिळेलच असं नाही. उलट ती उपाधी टिकवायची म्हणून माणसं फुकट वर्ग घेतात. कान्ट १७५५ ला प्रिवाटडोझेंट झाला आणि प्राध्यापक व्हायला १७७० उजाडलं. हेगेल येनात १८०१ पासून होता, पण मधे बांबेर्गला वर्तमानपत्राचं संपादन आणि न्यूर्नबेर्गच्या शाळेत मुख्याध्यापकी करून १८१६ ला हायडेलबेर्गची पूर्ण प्राध्यापकी मिळाली. म्हणून ‘हेगेललाही वेळ लागला’ असं कोणी समजावलं की मला हसू येतं. त्याच्या मागे घड्याळ नव्हतं. आता मुदतीच्या करारांना कायद्याने साधारण मर्यादा आहे: पीएच.डी.आधी सहा वर्षं, नंतर सहा. तोवर कायम जागा नाही मिळाली, तर बाहेर. २०२१ मध्ये ‘मी हान्ना’ म्हणत (या कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधक म्हणजे हान्ना) हजारो जणांनी ट्विटरवर याच विरोधात लिहिलं, मीही लिहिलं.

मुलाखतीच्या व्याख्यानाला तिथे ‘फोरझिंगेन’ म्हणतात, गाऊन दाखवणं. मी तीनदा गायलेय. एकदा तिघांच्या यादीत दुसरी आले, पहिल्याने जागा घेतली. आणि स्वतःच्याच विद्यापीठात सहसा बोलावत नाहीत, त्यामुळे गाव बदलत राहायचं. नवराही जर्मनीतच असतो, साडेचार तासांच्या रेल्वे अंतरावर.

पोटभाडेकरू:
तळटीपताई, थोडी भर. २००२ पासून ज्युनिअर प्रोफेसरचा रस्ताही आहे, त्यात हाबिलिटाट्सिओन नसलं तरी चालतं. अमेरिकेत तर राजकीय सिद्धान्त ही राज्यशास्त्राचीच शाखा, दुसरा प्रबंध नाही. राजकीय तत्त्वज्ञ सेला बेनहबीबनी हेगेलवर पीएच.डी. येलला केली. तिथे सगळं गोड आहे असं मात्र नाही: राजकीय सिद्धान्तकार ज्युडिथ श्क्लार यांना हार्वर्डने बराच काळ अर्ध्या वेळेच्या जागेवर ठेवलं, कायमची प्राध्यापकी १९७१ ला.

तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमासचंही ऐका. फ्रँकफुर्टला तिथल्या संशोधन संस्थेचा प्रमुख हॉर्कहायमर याच्याशी जुळेना, तेव्हा तो दुसरा प्रबंध घेऊन मारबुर्गला आबेनड्रोटकडे गेला आणि १९६१ ला तिथे पूर्ण केला. आबेनड्रोट राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणून ताईंचं ‘गाइड बघा’ पटलं.

उंबरठ्यावर:
ताई, दादा, मनापासून आभार. एक लाजिरवाणी गोष्ट: माझ्या लघुप्रबंधात तेच २५८ चं वाक्य आहे, ‘हेगेल लिहितो’ म्हणूनच. मार्कही चांगले पडले होते. अर्जासोबत तेच प्रकरण नमुना म्हणून जोडणार होतो.

तळटीप:
जोडाच. फक्त एक तळटीप घाला: ‘पुरवणी, गान्स, १८३३’. आणि जर्मन वाक्य स्वतः उतरवून घ्या, कॉपी-पेस्ट नको. अडलं तर इथेच विचारा.