जुन्या काळचे आरोग्य-सौंदर्याचे सल्ले : तुमचे अनुभव सांगा

लेकीच्या चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून डॉक्टरांनी ॲट्रोपिनचे थेंब दिले. आठवडाभर तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या. उजेड सोसेना, जवळचं वाचता येईना. नंतर कळलं, हे औषध ज्या बेलाडोना वनस्पतीत असतं, तिचा रस पूर्वी इटलीतल्या स्त्रिया मुद्दाम डोळ्यांत घालत. टपोऱ्या बाहुल्या म्हणजे सौंदर्य! नावाचा अर्थच 'सुंदर स्त्री'. लेकीची तगमग पाहिली होती, म्हणून पोटात कालवलं. असा एखादा जुना सल्ला तुमच्या वाट्याला आलाय का? नक्की लिहा.

*

माझ्या बाबांना हिमोक्रोमॅटोसिस आहे, शरीरात लोह साठत जातं. त्यावर उपाय म्हणजे रक्त काढणं. ऐकून मी डॉक्टरांशी वादच घातला. सुरुवातीला दर आठवड्याला साधारण 450 मिली, आता तीन महिन्यांतून एकदा. पूर्वी ताप असो की घसादुखी, सरसकट रक्तच काढत. डिसेंबर 1799 मध्ये घसा सुजलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांचं एका दिवसात दोन लिटरांहून जास्त रक्त काढलं. त्याच रात्री ते गेले. बाबांचं हिमोग्लोबिन नर्स आधी तपासते, कमी भरलं तर परत पाठवते. त्या तपासणीचा मला फार आधार वाटतो.

*

गोरं होण्याचं क्रीम. कॉलेजात दोन वर्षं लावलं. बंद केलं की चेहरा लालबुंद, नुसती आग; पुन्हा लावलं की शांत. त्यात स्टिरॉइड होतं, हे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्यातून सुटायला आठ महिने गेले, आणि त्या काळात मी कुणाला तोंड दाखवलं नाही.
युरोपात शिशाचा सफेदा चेहऱ्याला फासायचे. त्याने कातडी बिघडायची, मग ती झाकायला आणखी जाड थर. मारिया गनिंग ही काउंटेस 1760 मध्ये तिशीच्या आतच गेली, ती या लेपामुळेच असं मानतात. तिला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आरशासमोर काय होतं ते मला माहीत आहे.

*

वरचं रक्ताचं वाचून लिहितोय. यंत्रात बोट तुटलं, सर्जननी जोडलं, पण दुसऱ्या दिवशी ते निळं पडलं. त्यांनी जळवा लावल्या! नव्या शिरा तयार होईपर्यंत साचलेलं रक्त त्या ओढून घेतात. पाच दिवस हे चाललं. बोट आता वाकतं, टोकाला जरा बधिर आहे.