न्यूहॅमचा 'सी४': काउन्सिलची घरं तपासली, बेघरांची सोय कोण तपासणार?

ईस्टहॅमकर

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या सोशल हाउसिंग (कमी भाड्याची सार्वजनिक घरं) नियामकाने लंडनच्या न्यूहॅम काउन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, 'सी४' हा शेरा दिला. सी१ म्हणजे सगळं ठीक, सी४ म्हणजे तळाचा शेरा. हा मान पटकावणारी न्यूहॅम ही पहिलीच. काउन्सिलची घरं सुमारे १६,०००. त्यांत आगीच्या सुरक्षेची ९,०००हून जास्त कामं मुदत उलटून पडलेली, आणि ४० टक्क्यांहून जास्त घरांत दहा वर्षांपेक्षा जास्त काळ वायरिंगची तपासणीच नाही.

'आगीच्या सुरक्षेचं काम' म्हणजे फार मोठं काही नसतं बरं का. जिन्यावरचं दार आपोआप बंद करणारा क्लोजर मोडलाय, दार चौकटीत नीट बसत नाही, पाइप जिथून भिंतीतून जातो तिथलं भोक बुजवलेलं नाही, ही असली कामं. सुताराचं तासाभराचं काम असेल कदाचित, पण रात्री दोनला धूर जिन्यात येणार की नाही हे त्यावर ठरतं.

गंमत म्हणजे हीच काउन्सिल २०१३ पासून खासगी घरमालकांना लायसन्स घ्यायला लावते आणि नियम मोडला की दंड ठोकते. २०२० च्या नियमांप्रमाणे खासगी मालकाला दर पाच वर्षांनी वायरिंग तपासून घ्यावीच लागते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पण धागा काढायचं कारण वेगळंच आहे. नियामक काउन्सिलकडे फक्त घरमालक म्हणून बघतो. ज्यांना घरच नाही त्यांची सोय करणं हेही काउन्सिलचं कायदेशीर काम आहे, पण ते त्याच्या कक्षेत येत नाही. न्यूहॅममध्ये हजारो कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढताहेत. मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला बी अँड बीमध्ये (लॉजसारख्या खोलीत) सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवणं बेकायदा आहे, तरी सर्रास ठेवतात. तिथे कोणी इन्स्पेक्टर फिरकत नाही. ओम्बड्समन (तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) आहे, पण आधी तक्रार हवी. ज्याचं अंथरूण काउन्सिलच्या मर्जीवर आहे तो तक्रार करेल? पूर्वी ऑडिट कमिशन काउन्सिलांच्या घरविषयक कारभाराची तपासणी करायचं. ते २०१५ मध्ये गुंडाळलं.

माझं म्हणणं एवढंच: तोच नियामक, तेच चार शेरे, बेघर विभागालाही लावा.

सडेतोड

साफ असहमत. आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक अहवाल. या नियामकाची फीसुद्धा आता काउन्सिलच भरते, म्हणजे शेवटी भाडेकरूच.

मूळ दुखणं पैशाचं आहे. तात्पुरत्या निवाऱ्याच्या भाड्यापोटी सरकार काउन्सिलला जे परत देतं, त्याचा दर २०११ च्या सरकारी घरभाडे भत्त्याच्या ९० टक्क्यांवर गोठवलेला आहे. लंडनची भाडी २०११ पासून कुठे गेली हे इथल्या कुणालाही विचारा. वरचा फरक काउन्सिलच्या खिशातून जातो. २०२५ मध्ये न्यूहॅमला काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) ९ टक्क्यांच्या आसपास वाढवायला सरकारची खास परवानगी मागावी लागली. अशा घरात तुम्ही नापासाचा शेरा चिकटवून काय मिळवणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ईस्टहॅमकर

@सडेतोड, दोन खिसे आहेत, तुम्ही एकच धरताय. काउन्सिलच्या भाडेकरूंचं भाडं वेगळ्या खात्यात जमा होतं आणि दुरुस्त्या त्यातूनच होतात. बेघरांचा खर्च सर्वसाधारण खात्यातून. कायद्यानेच एकाचे पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. तेव्हा 'बेघरांवर खर्च झाला म्हणून दारं दुरुस्त झाली नाहीत' हे पटत नाही. आणि वायरिंग दहा वर्षं तपासलेली नाही यात पैशापेक्षा ढिसाळपणा जास्त दिसतो.

फाइलवाली

मी दुसऱ्या एका काउन्सिलच्या हाउसिंग खात्यात काम करते, त्यामुळे थोडं आतलं.

भाड्याचं खातं वेगळं असतं हे खरं, पण ते भरलेलं आहे असं समजू नका. २०१६ पासून चार वर्षं सरकारने भाडी दरवर्षी १ टक्क्याने कमी करायला लावली. २०२३ मध्ये महागाई दहाच्या घरात असताना भाडेवाढीला ७ टक्क्यांची मर्यादा घातली. भाडेकरूंच्या दृष्टीने दोन्ही बरोबरच, पण खातं आटलं.

दुसरं, थकलेल्या कामांच्या आकड्यात झालेली पण सिस्टिममध्ये बंद न केलेली कामंही असतात. ठेकेदार दार बसवून जातो, कागद आमच्याकडे पोचत नाही. आमच्याकडे हे रोज होतं. तरीही नियामक आला ते बरंच झालं, हे मी मनापासून म्हणते. एप्रिल २०२४ च्या आधी भाडेकरूंचं 'गंभीर नुकसान' दिसलं तरच त्याला हात घालता यायचा. त्यामुळे आमच्याकडे आकडे कोणी मागतच नव्हतं, आणि मागत नाही म्हणून कोणी ठेवत नव्हतं. आता तो स्वतः येऊन विचारतो.

पण बेघर विभागाला शेरा नको. का ते सांगते. बी अँड बीतली कुटुंबं किती यावर गुण द्यायला लागलात, की तो आकडा काउंटरवरच कमी होईल. 'मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपता ना? मग आजची रात्र तर निघाली. सोमवारी या.' हे वाक्य आत्ताही ऐकू येतं, शेरा आल्यावर तेच धोरण होईल. दाराचा क्लोजर मोजता येतो. दारातून परत पाठवलेली बाई कुठल्या रकान्यात लिहाल?

ईस्टहॅमकर

मग काउंटरच तपासा ना! परत पाठवलेल्यांच्या नोंदी बघा, त्यांतल्या काहींना फोन करा. तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे, पण त्यावर 'बघूच नका' हे उत्तर कसं?

रॉचडेलचा दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि सामाजिक घरांच्या मालकांना बुरशीची दखल ठरावीक मुदतीत घेणं भाग पडलं. पण तो भाडेकरारावर राहणाऱ्यांसाठी. तात्पुरत्या निवाऱ्यात लोक बहुतेक भाडेकरार नसताना, नुसत्या राहण्याच्या परवानगीवर राहतात, त्यामुळे ते बाहेर. ओल दोन्हीकडे सारखीच.

नवी_विटी

भाबडा प्रश्न: आपली बहुतेक मंडळी व्हिसावर. आपल्याला ना काउन्सिलचं घर मिळतं ना बेघर म्हणून मदत. मग ही चर्चा आपल्यासाठी कशी?

फाइलवाली

भाबडा नाही, पण उत्तर सोपं आहे. १९८० नंतर 'राइट टू बाय'मध्ये काउन्सिलचे कितीतरी फ्लॅट भाडेकरूंनी विकत घेतले, पुढे ते हात बदलत भाड्याने लागले. ईस्ट हॅमला उंच इमारतीत स्वस्तातला फ्लॅट मिळाला असेल तर बरेचदा त्यातलाच. फ्लॅटचा मालक खासगी असेल, पण जिना, लॉबी, बाहेरची भिंत काउन्सिलचीच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ साली ७२ माणसं गेली, त्यात असे भाड्याने राहणारेही होते.

सडेतोड

ग्रेनफेलचं नाव घेतलं की वाद संपतो असं नाही. तिथल्या रहिवाशांनी आगीच्या आधी ओरडून सांगितलं होतं. कमी होती ती ऐकणाऱ्याची. शेऱ्यांची नव्हे. शेरा देणारा चार वर्षांतून एकदा येणार, रहिवासी रोज तिथेच राहतात. त्यांच्या संघटनेला अधिकार द्या, इन्स्पेक्टरच्या पगारात ते बसेल.

आणि हो, आपल्याकडच्या संक्रमण शिबिरांत लोकांची अख्खी हयात गेली. तिथेही देखरेख करणारे कमी नव्हते.

ईस्टहॅमकर

देखरेख करणारे आणि घरं देणारे तिथे एकाच खात्यातले असतात. इथला नियामक काउन्सिलचा नोकर नाही, फरक तिथेच पडतो. संघटनेला अधिकार द्या, माझं काही म्हणणं नाही. पण बी अँड बीत दर दोन महिन्यांनी हलवल्या जाणाऱ्यांनी कसली संघटना काढायची?

नवी_विटी

@फाइलवाली, आमच्या फ्लॅटच्या मुख्य दाराचा क्लोजर घरमालकाने काढून टाकलाय, दार आपटतं म्हणून. हे कुणाला सांगायचं?

फाइलवाली

दोघांनाही, आणि लेखी. फ्लॅटचं मुख्य दार बऱ्याच करारांत मालकाच्या वाट्याला येतं, तेव्हा बसवून देणं त्याचं काम. पण इमारत ११ मीटरपेक्षा उंच असेल तर २०२२ च्या नियमांनुसार काउन्सिलने लॉबीतली दारं दर तीन महिन्यांनी तपासायचीच असतात आणि फ्लॅटचं दार वर्षातून एकदा तपासायचा पुरेपूर प्रयत्न करायचा असतो. मेलमध्ये शेवटची तपासणी कधी झाली हे विचारा. तारीख आली नाही तर स्मरणपत्र पाठवा, आणि फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका.

सडेतोड

आणि तोवर क्लोजर स्वतःच आणून बसवा. घरमालकाला बिल पाठवा.