मदत हवी आहे : आईला घास छातीत अडकतो, इंदूरमध्ये कोणाला दाखवू? (जरा घाई आहे)

रामबागवाला
मंडळी पटकन सांगा. आईला तीन आठवड्यांपासून घास अडकून राहिलाय. पोळीचा घास गेला की मध्येच थांबते, छातीच्या हाडावर हात ठेवून बसते, डोळ्यांत पाणी, मग वरून अर्धा पेला पाणी प्यायली की हळूच उतरतो. घरच्या डॉक्टरनी अॅसिडिटी म्हणून पंधरा दिवस उपाशीपोटी गोळी दिली, शून्य फरक, आता म्हणून राहिले दुर्बीण करून घ्या. आई म्हणते घशात नळी घालणार असतील तर मी घराबाहेर पाय ठेवत नाही. मला दोनच गोष्टी विचारायच्यात, दुर्बिणीशिवाय होणारी काही तपासणी आहे का, आणि इंदूरमध्ये पोटाचा असा डॉक्टर कोण जो आधीच घाबरवत नाही. बाकी सगळं नॉर्मल आहे. आणि प्लीज कोणी कॅन्सर-बिन्सर लिहू नका, ते मी रात्री दोनला वाचून बसलोय.

माळवी_मिरची
"बाकी सगळं नॉर्मल" म्हणजे काय ते तुम्हालाच माहीत. वय किती? चहा-पाणी पण अडकतं का फक्त पोळी? वजन उतरलंय का?

रामबागवाला
वय ६८. चहा-पाणी नीट जातं. वजनाचं माहीत नाही, घरात काटा नाही. डॉक्टरचं नाव सांगा ना कोणी.

तात्या_सुदामानगर
डॉक्टर नंतर, आधी कवळी बघा. कवळी सैल झाली की माणूस चावत नाही, घास तोंडात नुसता फिरवतो आणि गिळून टाकतो. मला दोन वर्षं हेच व्हायचं. एक घास बत्तीस वेळा चावायचा आणि रात्री कोमट दुधात चमचाभर साजूक तूप. सगळं घसरत जातं.

माळवी_मिरची
तात्या, तुपाने रस्ता रुंद होत नसतो.

तात्या_सुदामानगर
तूप खाऊन ८१ चा झालो मी.

रामबागवाला
कवळी नाहीये. आईचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत.

सराफा_रात्री_अकरा
भिया घाबरू नका, अडकला की मागे उभं राहून दोन्ही हातांनी मिठी मारायची आणि बेंबीच्या वर जोरात आत-वर दाबायचं, घास फट् करून बाहेर. आमच्या ऑफिसात ट्रेनिंग झालं होतं, हाइमलिक म्हणतात त्याला, १९७४ मध्ये त्या डॉक्टरनी काढलं.

निवृत्त_सिस्टर
कृपा करून ६८ वर्षांच्या बाईवर हे करू नका!! ते श्वासनलिकेत अडकल्यावर करायचं, जेव्हा माणसाला बोलता येत नाही, खोकता येत नाही, निळा पडतो. यांच्या आई बोलतायत, श्वास घेतायत, त्यांचं अन्ननलिकेत अडकतंय. दोन वेगळ्या नळ्या आहेत. उगाच बरगडी मोडाल.

सराफा_रात्री_अकरा
मी मदतच करून राहिलो होतो, ओरडता कशाला.

ग्वाल्हेरची_गजक
माझ्या वडिलांना अर्धांगवायूच्या झटक्यानंतर असाच त्रास होता. सगळे म्हणायचे पातळ द्या, पातळ द्या, आणि नेमका पाण्यानेच ठसका लागायचा. मग स्पीच थेरपिस्ट बाई यायच्या (बोलणं शिकवणाऱ्या गिळणं पण शिकवतात हे आम्हाला तेव्हा कळलं), त्यांनी पाणी घट्ट करायची पावडर दिली, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला लावलं, एका वेळी एकच चमचा. सहा महिन्यांत बाबा परत चहा प्यायला लागले. तुम्ही पण पाणी घट्ट करून बघा.

रामबागवाला
ताई, आईला झटका वगैरे आलेला नाही. पाणी नीट जातं असं वर लिहिलंय.

ग्वाल्हेरची_गजक
ठीक आहे, कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिलं.

बडोदेकर_शेवउसळ
मी या आजाराचा पेशंट आहे म्हणून लांबलचक लिहितो, माफ करा. मला चार वर्षं अॅसिडिटीच्या गोळ्या खाऊ घातल्या. माझं पहिल्या दिवसापासून पाणीसुद्धा अडकायचं, रात्री आडवा झालो की संध्याकाळची खिचडी जशीच्या तशी तोंडात यायची, सकाळी उशी ओली. ऑफिसात सगळ्यांसोबत डबा खायचा बंद केला होता, कारण दर घासाला उठून उभं राहायचं, छाती पुढे काढायची, मग तो जायचा, आणि लोक बघायचे. शेवटी अहमदाबादला मॅनोमेट्री झाली, म्हणजे नाकातून बारीक नळी टाकून अन्ननलिका किती जोर लावते ते मोजतात. निघालं अॅकॅलेशिया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जी गाठीसारखी झडप असते ती सैलच होत नाही. २०१९ मध्ये पोएम केलं, तोंडातूनच दुर्बीण घालून आतून स्नायू कापतात, बाहेर टाका नाही. जपानच्या इनोए डॉक्टरांनी २००८ मध्ये पहिल्यांदा माणसावर केलं ते. आता मी शेवउसळ खातो, पाव जरा बुडवून. तुमच्या आईला पण हेच असणार, सरळ मॅनोमेट्री करा, दुर्बिणीत वेळ घालवू नका.

निवृत्त_सिस्टर
दादा तुमचं वाचून वाईट वाटलं, पण तुमचं पाणी आणि घास दोन्ही पहिल्यापासून अडकायचं, ते नळीच्या हालचालीचं लक्षण. यांच्या आईंना फक्त घट्ट घास अडकतोय आणि पाणी जातंय, तेव्हा आधी वाट कुठे अरुंद झालीय, जखम आहे का, गाठ आहे का, हे आतून बघावं लागतं. आणि तुमची मॅनोमेट्री व्हायच्या आधी दुर्बीण झाली नव्हती का?

बडोदेकर_शेवउसळ
झाली होती. दोनदा.

निवृत्त_सिस्टर
मग.

रामबागवाला
माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणी देईल का. दुर्बिणीशिवाय.

निवृत्त_सिस्टर
देते. बेरियमचा एक्स-रे असतो. खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी प्यायला देतात आणि ते उतरताना फोटो काढत जातात, कुठे अरुंद आहे ते दिसतं. पण त्यात काही दिसलं तर तपासायला आतला छोटा तुकडा काढायला दुर्बीणच लागते, म्हणजे आईंना दोनदा न्यावं लागेल. तुमच्या डॉक्टरनी गोळीने फरक नाही म्हटल्यावर दुर्बीण सांगितली ते बरोबर सांगितलं, घाबरवायला नाही. मी २२ वर्षं ऑपरेशन थिएटर आणि एंडोस्कोपीच्या खोलीत काढलीयत. आता मला सांगा, जेवण कमी झालंय का? कपडे सैल?

रामबागवाला
जेवण कमी झालंच आहे, पोळी सोडून आता वरणभातावर आली. कपड्यांचं कळत नाही, साडी नेसते. बांगड्या सैल झाल्यात पण ते प्लास्टर काढल्यापासून, हात बारीक झाला ना.

निवृत्त_सिस्टर
कुठल्या हाताच्या बांगड्या?

रामबागवाला
प्लास्टर उजव्या हाताला होतं.

निवृत्त_सिस्टर
ते नाही विचारलं. बांगड्या कुठल्या हाताच्या सैल झाल्यात, बघून सांगा.

पानाचा_गल्ला
माता जी सुपारी खातात का? सुपारीने तोंड उघडत नाही, आतली कातडी दोरीसारखी होते, मग घास मोठा घेता येत नाही. म.प्र.त गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणे, आणि पुडीत मसाला वेगळा, तंबाखू वेगळी घेऊन लोक तेच करून राहिलेत, मी रोज बघतो.

माळवी_मिरची
अवांतर. पण खरंय.

तात्या_सुदामानगर
पूर्वी जेवणानंतर नुसती बडीशेप असायची. इंदुरी पोह्यांवर सुद्धा बडीशेप हवीच, आता लोक शेवेचा डोंगर घालतात आणि म्हणतात घास अडकतो.

सराफा_रात्री_अकरा
तात्या, पोह्यांवर शेव नसेल तर ते पुण्याचे पोहे.

तात्या_सुदामानगर
वाफेवरच्या पोह्यांना शेव लागतच नाही, ते आधीच मऊ असतात!

रामबागवाला
पोह्यांचं दुसरीकडे भांडा. सिस्टर, बघितलं. आई झोपली होती, डाव्या हाताची बांगडी मी बोटाने सरकवली तर कोपरापर्यंत गेली. पहिले मनगटाच्या वर जरा चढली की अडायची. आणि आज दुपारी शेजाऱ्यांचा काटा आणला. ५१.४. जूनमध्ये हात मोडला तेव्हाच्या दवाखान्याच्या कागदावर ५६ लिहिलंय.

माळवी_मिरची
आता दुर्बिणीला नको म्हणू नका.

निवृत्त_सिस्टर
हात कशाने मोडला? पडल्या कुठून?

रामबागवाला
पडल्यासारखं काही नाही, ओट्याशी पाय घसरला, हात टेकला, मनगट गेलं. म्हणून मग हाडांची तपासणी केली, हाडं ठिसूळ निघाली, त्याच्या गोळ्या चालू आहेत. त्याचा याच्याशी काय संबंध?

निवृत्त_सिस्टर
कुठल्या गोळ्या, नाव बघा पत्त्यावर. कधीपासून? आणि कशा घेतात, नीट विचारून सांगा, आईंनाच विचारा.

रामबागवाला
कॅल्शियम रोज, आणि दुसरी आठवड्यातून एकदा रविवारी, अॅलेन्ड्रोनेट ७०. जुलैच्या मध्यापासून. आईला विचारलं. रविवारी पाचला उठते, देवाला दिवा लावायच्या आधी गोळी तोंडात, तांब्यातलं एक घोट पाणी, आणि मग कंबर दुखते म्हणून परत आडवी, साडेसहापर्यंत. एवढंच का विचारून राहिलात?

निवृत्त_सिस्टर
कारण ही गोळी अन्ननलिकेत टेकून राहिली की तिथे भाजल्यासारखी जखम करते. म्हणून ती उपाशीपोटी, भरलेला मोठा ग्लास साध्या पाण्यासोबत घ्यायची असते, चहाबरोबर नाही, एका घोटाबरोबर नाही, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. औषधाच्या घडी केलेल्या कागदावर हे लिहिलेलं असतं, आणि गिळायला त्रास झाला तर गोळी बंद करून डॉक्टरांना सांगा असंही असतं. तो कागद कोणी वाचत नाही. आजच हाडाच्या डॉक्टरांना फोन करा, पुढच्या रविवारची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

सराफा_रात्री_अकरा
वा! सापडलं मग! गोळी बंद, दुर्बीण कॅन्सल, आई खूश.

निवृत्त_सिस्टर
नाही. मी फक्त शंका सांगितली. साडेचार किलो उतरलेत आणि वय ६८ आहे. गोळीनेच झालं असं गृहीत धरून बसलात आणि दुसरंच काही निघालं तर ते महिने परत येत नाहीत. दुर्बीण कराच. आणि त्याआधी कधी घास अडकला आणि थुंकीसुद्धा गिळता येईना, लाळ बाहेर यायला लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं.

बडोदेकर_शेवउसळ
+१. मला कोणी असं सांगायला भेटलं असतं तर चार वर्षं वाचली असती. तरी मॅनोमेट्री लक्षात ठेवा.

रामबागवाला
हाडाच्या डॉक्टरना फोन झाला, त्यांनी गोळी थांबवायला सांगितली. आईला दुर्बिणीचं कसं पटवू? ती दाराला कडी लावून बसेल.

ग्वाल्हेरची_गजक
माझ्या आत्याला आम्ही सांगितलं होतं की डॉक्टर फक्त घसा बघणार आहेत.

माळवी_मिरची
खोटं बोलू नका, टेबलावर कळल्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही.

निवृत्त_सिस्टर
जे होतं ते सांगा. रात्री हलकं जेवण, मग उपाशी, पाणी कधीपर्यंत चालेल ते तिथे विचारून घ्या. घशात कडवट स्प्रे मारतात, जीभ जड होते, आवंढा गिळला की घशात काही नाहीच असं वाटतं, त्याची लोकांना नळीपेक्षा जास्त भीती वाटते म्हणून आधी सांगून ठेवा. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत प्लास्टिकची कडी. नळी करंगळीपेक्षा बारीक असते. खूप घाबरल्या तर झोपेचं इंजेक्शन मागता येतं. नुसती बघायची असेल तर काही मिनिटांचंच काम. लाळ गिळू नका, वाहू द्या, असं सिस्टर सांगेल, ते ऐकायचं, लाज वाटते म्हणून गिळायला जातात आणि मग ठसका.

रामबागवाला
बरं. आईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "ह्या बाई कोण? ह्यांनाच बोलव."

(नऊ दिवसांनंतर)

रामबागवाला
ज्यांनी वेळ दिला त्यांच्यासाठी लिहितो. गेल्या गुरुवारी दुर्बीण झाली. आईने झोपेचं इंजेक्शन नको म्हटलं, माझ्या हाताची तीन बोटं मात्र दाबून निळी केली. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "सुईण बोलावली होती तेव्हा याच्यापेक्षा जास्त आरडाओरडा केला होता मी." अन्ननलिकेच्या मधल्या भागात दोन जखमा निघाल्या, कडेला सूज आणि वाट थोडी आवळलेली. तुकडा काढून पाठवला होता, काल रिपोर्ट आला, साधी जखम आहे, दुसरं काही नाही. डॉक्टर म्हणाले गोळीमुळेच असणार. अॅसिड कमी करायचं औषध दोनदा चालू केलंय, दीड-दोन महिन्यांनी परत आत बघणार, वाट आवळलेलीच राहिली तर दुर्बिणीतूनच फुगा घालून रुंद करतात म्हणे. हाडांसाठी आता वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं इंजेक्शन आहे, ते नंतर बघू. काल रात्री अर्धी पोळी वरणात कुस्करून खाल्ली, हात छातीवर गेला नाही. मी ताटाकडे बघत नव्हतो, हाताकडेच बघत होतो.

निवृत्त_सिस्टर
बरं वाटलं. पोळी दोन आठवडे कुस्करूनच द्या. वजन दर रविवारी लिहून ठेवा.

पानाचा_गल्ला
डॉक्टरचं नाव?

रामबागवाला
व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

माळवी_मिरची
मला पण करा, सासऱ्यांसाठी हवंय. त्यांना फक्त पाणी पिताना ठसका लागतो, बाकी सगळं नॉर्मल आहे.

ग्वाल्हेरची_गजक
मी म्हटलं नव्हतं कुणाला तरी उपयोग होईल!! मिरचीताई, वरचं माझं वाचा.

तात्या_सुदामानगर
काटा शेजाऱ्यांना परत दिलात का नवीन घेतलात? नवीन घेतला असेल तर कुठला ते सांगा, आमचा अडीच किलो जास्त दाखवतो.