चायनाची सप्लायर 'डिअर' म्हणायलीय, तिला फॉर्मल-इन्फॉर्मल इंग्लिश कसं समजवू?

टॉवेलवाला: अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, लूमचे पार्ट चायनावरनं मागवतो. तिकडची सेल्सवाली पोरगी आधी 'हॅलो डिअर' टाकती आणि लगेच 'प्लीज पे टुडे'. बायकोनं नेमका पहिलाच मेसेज वाचला, दोन दिवस घरात भाकरीबी कडक आणि तोंडबी. आता ती पोरगीच विचारायलीय, माझं इंग्लिश चुकतंय कुठं. मला येत असतं तर इथं कशाला विचारलं असतं बे?

निवांत_मास्तर: वहिनींना सांगा, टेन्शन नको. ताओबाओ म्हणजे चायनाचा ऑनलाइन बाजार, त्यावरचे विक्रेते गिऱ्हाइकाला 'छिन' म्हणतात, त्याचंच हे 'डिअर', आपल्या भाजीवाल्या मावशी 'घे रे बाळा' म्हणतात तसलं. आणि 'प्लीज' म्हणजे त्यांचं 'छिंग', वाक्याच्या तोंडाला लावलं की तिकडं अदब झाली, इंग्लिशमधे मात्र हुकूम तो हुकूमच राहतो. मी चायनीज पोरांना ऑनलाइन शिकवायचो, त्यांच्यात 'नी' म्हणजे तू आणि 'निन' म्हणजे आपण. इंग्लिशमधे सगळ्यांना एकच यू, मग मान द्यायचा कशातनं तर 'कुड यू', 'वुड यू' असं विचारण्यातनं.

जुनी_पेठ: शब्दांचंपण बघा. 'पुट ऑफ' बोलण्यातलं, 'पोस्टपोन' ऑफिसातलं, अर्थ एकच, पुढं ढकलणं. १०६६ ला फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, मग दरबारात न् कोर्टात फ्रेंच घुसली, लॅटिनमधनंपण शब्द आले, म्हणून 'पोस्टपोन'सारखे शब्द अजून भारदस्त वाटतात. चायनीज पोरं 'पुट ऑफ'सारखी क्रियापदं टाळतात, पुस्तकातला जड शब्दच बरा वाटतो त्यांना.

टॉवेलवाला: अगदी बरोबर! कालचा मेसेज बघा, 'डिअर, शिपमेंट इज पोस्टपोन्ड, यू वॉना सी फोटो?' कोर्टाची नोटीस आणि कट्ट्यावरच्या गप्पा एकाच ओळीत.

निवांत_मास्तर: हसू नका, आपण अजून 'डू द नीडफुल' लिहितो. तिला म्हणावं 'वॉना', म्हणजे बोलण्यातलं 'वॉन्ट टू', चॅटमधे जवळच्यांना ठीक, बिलाच्या ईमेलमधे नको. आणि 'डिअर'च्या पुढं मिस्टर न् आडनाव लावलं की ते पत्रातलं फॉर्मल, एकटं सोडलं की लाडाचं.

टॉवेलवाला: सांगितलं. आज 'डिअर मिस्टर' आलं, पण पुढं माझं पहिलं नाव. त्यांच्यात म्हणे आडनाव आधी लिहितात, तिनं माझंबी तसंच धरलं.